लेकीचा दागिना गहाण टाकून पुस्तकं आणणारे सुभेदार रामजीबाबा

मंडणगड : आपल्या तालुक्यातल्या आंबडवे गावाचं नाव जगभर गेलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. पण त्यांना घडवणारे वडील, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, यांची आठवण मात्र कमीच निघते. २ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन.

रामजीबाबा लष्करात सुभेदार. लष्करी शाळेत हेडमास्तरही होते. घर कबीरपंथी. संध्याकाळी मुलांना जवळ बसवून अभंग, दोहे म्हणून घ्यायचे, रामायण-महाभारत वाचायला लावायचे.

पेन्शनीत निघाल्यावर काही काळ दापोली, मग सातारा. साताऱ्यात पत्नी भीमाबाई गेल्या. पोरक्या मुलांना बहीण मीराबाईंनी सांभाळलं. पुढे मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत बिऱ्हाड थाटलं. भिवाला लवकर झोपवायचं, स्वतः जागायचं आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवायचं, हा त्यांचा नेम.

भिवाला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसे नसले की ते लग्न झालेल्या लेकींकडे जायचे. उसने पैसे मिळाले नाहीत तर लेकीचा दागिना गहाण ठेवायचे. पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी भिवा अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. ते बघायला रामजीबाबा नव्हते.

मुलांच्या फी-पुस्तकांसाठी ओढाताण करणारे आईबाप आजही गावोगाव आहेत. त्यांना ही गोष्ट आपल्याच घरातली वाटेल. रामजीबाबांना विनम्र अभिवादन!