विनू मंकड : रनआऊटपुरतं उरलेलं नाव

जालन्यात कुठेही टेनिस बॉलची मॅच चालू असली की एक भांडण हमखास होतं. बॉल हातातून सुटायच्या आधीच नॉन-स्ट्रायकर पुढे पळतो, बॉलर बेल्स उडवतो आणि गलका सुरू होतो की मंकडिंग केलं, बेइमानी केली. आम्ही शाळेत ज्या मुलांना शिकवतो त्यांच्याही तोंडी हा शब्द आहे. पण मंकड हे एका माणसाचं आडनाव आहे आणि तो माणूस भारताच्या सर्वात मोठ्या अष्टपैलू खेळाडूंपैकी एक होता, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

मुलवंतराय हिंमतलाल ऊर्फ विनू मंकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगरला झाला. उजव्या हाताने फलंदाजी आणि डाव्या हाताने संथ फिरकी, असा त्यांचा खेळ. १९३७-३८ मध्ये लॉर्ड टेनिसनचा इंग्लिश संघ आला तेव्हा विशीतल्या या पोराने बॅट आणि बॉल दोन्हींनी छाप पाडली. मग महायुद्ध आलं आणि ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली. पहिली कसोटी मिळाली ती १९४६ मध्ये, लॉर्ड्सवर, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी.

त्या दौऱ्याचे कप्तान होते नवाब इफ्तिखार अली खान पतौडी. मुश्ताक अली, गुल मोहम्मद, अब्दुल हफीज हे सोबती. मंकडांनी दौऱ्यात ११२० धावा काढल्या आणि १२९ बळी घेतले. एका दौऱ्यात हजार धावा आणि शंभर बळी, हे दुसऱ्या कुणा भारतीयाला जमलेलं नाही.

आता तो रनआऊट. १९४७-४८ चा ऑस्ट्रेलिया दौरा. बिल ब्राऊन बॉल पडायच्या आधीच क्रीज सोडायचे. एका सराव सामन्यात मंकडांनी त्यांना आधी ताकीद दिली, तरी ऐकलं नाही म्हणून बाद केलं. डिसेंबरमध्ये सिडनी कसोटीत ब्राऊन पुन्हा तसेच पुढे गेले आणि पुन्हा बाद झाले. तिथल्या वर्तमानपत्रांनी मंकडांना धारेवर धरलं. खुद्द ऑस्ट्रेलियाचे कप्तान ब्रॅडमन यांनी मात्र मंकडांची बाजू घेतली. नियम तोडत होता फलंदाज आणि नाव खराब झालं बॉलरचं! आम्हाला तरी यात बेइमानी दिसत नाही. त्याच दौऱ्यात मेलबर्नवर मंकडांनी दोन शतकं ठोकली, ती कुणाच्या लक्षात नाहीत. २०२२ मध्ये हा प्रकार ‘अनुचित खेळा’च्या कलमातून काढून साध्या रनआऊटमध्ये घातला गेला, तोवर पंचाहत्तर वर्षं होत आली होती.

खरी कसोटी १९५२ साली लागली. फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडला डावाने हरवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. मंकडांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्यात ५३ धावांत ४ गडी टिपले. दुसऱ्या डावात हैदराबादच्या गुलाम अहमद यांनीही चार बळी घेऊन साथ दिली. त्याच उन्हाळ्यात इंग्लंड दौरा होता. पण तेव्हा कसोटी खेळून घर चालत नसे. लँकेशायरमधल्या हॅसलिंग्डन क्लबने मंकडांना पगारावर बोलावलं होतं. दौऱ्यासाठी माझी निवड नक्की आहे का, एवढं त्यांनी मंडळाला विचारलं. हमी मिळाली असती तर त्यांनी क्लबचं काम सोडलं असतं. मंडळाने हमी दिली नाही, मंकड हॅसलिंग्डनला गेले. रोजीरोटीचा सवाल विचारण्यात उर्मटपणा कसला, हे आम्हाला आजही कळत नाही.

मग लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्यावर गेले. मंडळाने धावत जाऊन क्लबकडून मंकडांना मागून घेतलं. लॉर्ड्सवर त्यांनी पहिल्या डावात ७२ केल्या, मग ७३ षटकं टाकून ५ बळी घेतले. एवढं झाल्यावर पुन्हा सलामीला येऊन १८४ काढल्या आणि शेवटच्या डावात आणखी २४ षटकं टाकली. भारत आठ गड्यांनी हरला, तरी ती कसोटी आजही मंकडांचीच म्हणून ओळखली जाते.

त्याच ऑक्टोबरमध्ये दिल्लीला भारत-पाकिस्तान पहिली कसोटी झाली. समोर कप्तान म्हणून उभे होते १९४६ चे सोबती अब्दुल हफीज, आता कारदार. मंकडांनी सामन्यात १३ बळी घेतले. हेमू अधिकारी आणि गुलाम अहमद यांनी शेवटच्या जोडीला १०९ धावांची भर घातली, त्यात गुलाम अहमद यांच्या ५०. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता, म्हणून ही भागीदारी आम्हाला जरा जास्तच जवळची वाटते. पुढे १९५४-५५ मध्ये मंकड कप्तान म्हणून पाकिस्तानात गेले. पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या, पण लाहोरची कसोटी बघायला भारतातून हजारो लोक सरहद्द ओलांडून गेले.

जानेवारी १९५६ मध्ये मद्रासला पंकज रॉय यांच्यासोबत त्यांनी न्यूझीलंडविरुद्ध ४१३ धावांची सलामी दिली. हा विक्रम ५२ वर्षं टिकला. त्यातल्या त्यांच्या २३१ धावा पुढे १९८३ मध्ये गावसकरांनी मागे टाकल्या. ४४ कसोट्या, २१०९ धावा, १६२ बळी. पहिल्या क्रमांकापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक जागी ते कसोटीत खेळले.

त्यांचे चिरंजीव अशोक हेही भारताकडून कसोटी खेळले. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत विनू मंकडांचं निधन झालं. एकोणीस वर्षांखालच्या मुलांची देशातली एकदिवसीय स्पर्धा आज विनू मंकड करंडकासाठीच होते.