नाना शंकरशेट : शिक्षण मंडळात स्पष्ट बोलणारे सभासद



आपण मुलुंड, घाटकोपरहून रोज लोकलने जातो, तेव्हा नाना शंकरशेट हे नाव रेल्वेमुळे आठवतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. ती रेल्वे यावी म्हणून झटणाऱ्यांत नाना पुढे होते. इयत्ता चौथीच्या मुलांनाही एवढं माहीत असतं. पण आज आपण नानांची दुसरी ओळख करून घेऊ. ते शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या समितीचे सभासद होते.

जन्म आणि घराणे

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे, सराफी-व्यापारात नाव कमावलेले. १८२२ मध्ये वडील वारले, तेव्हा नाना अवघे १९ वर्षांचे होते. पेढी, घर, पैसा सगळं एकदम अंगावर आलं. मनात आणलं असतं तर ते ऐषारामात राहू शकले असते. पण त्यांनी आपला वेळ आणि पैसा शहराच्या कामाला लावला.

शाळांच्या कामात

त्या सुमारास गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने मुंबईत एक शिक्षण संस्था उभी राहिली. पुढे तिला बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असं नाव मिळालं. मराठी व गुजराती पुस्तके तयार करणे, छापणे, शाळा काढणे ही तिची कामे. तिच्या कमिटीत इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आपले लोकही बसत. नाना तरुणपणीच या कामात आले.

१८४० मध्ये सरकारने या सोसायटीच्या जागी बोर्ड ऑफ एज्युकेशन म्हणजे शिक्षण मंडळ नेमले. त्यात तीन भारतीय सभासद होते. नाना त्यांपैकी एक. मंडळ असेपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, त्यांनी हे काम केले.

मंडळातला मोठा वाद

१८४३ मध्ये सर अर्स्किन पेरी मंडळाचे अध्यक्ष झाले. ते सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, म्हणजे केवढा दरारा असेल पहा! त्यांचं मत असं की पैसा थोडा आहे, तर तो वरच्या वर्गातल्या थोड्या मुलांना इंग्रजीतून उच्च शिक्षण देण्यावर खर्च करावा.

नानांना हे पटलं नाही. लक्षात घ्या, नाना इंग्रजीच्या विरोधात अजिबात नव्हते. ते स्वतः उत्तम इंग्रजी जाणत होते. त्यांचा मुद्दा साधा होता. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या घरात ज्ञान पोचवायचं असेल तर ते त्यांच्याच भाषेतून पोचेल. नानांनी हे मत नुसतं तोंडी सांगितलं नाही, लेखी टिपण करून मंडळापुढे ठेवलं. फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे दुसरे दोन भारतीय सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान, आणि त्यांच्या जोडीला इंग्रज कर्नल जर्विस! पेरी व बाकीचे युरोपियन सभासद दुसऱ्या बाजूला.

मंडळात सरळ दोन तट पडले आणि १८४८ मध्ये प्रकरण सरकारकडे गेले. शेवटचा निर्णय सरकारच्या हातात होता. नानांना हवं होतं ते सगळं झालं नाही. वरचं शिक्षण इंग्रजीतच राहिलं. पण प्राथमिक शाळा मराठी, गुजराती, कानडीतून चालू राहिल्या. सगळं मिळालं नाही म्हणून नाना रुसून घरी बसले नाहीत. मंडळाचं काम करत राहिले. याच काळात एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. लोक नावं ठेवत होते, तेव्हा नानांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली.

१८५५ मध्ये मंडळ जाऊन सरकारी शिक्षण खाते आले. १८६२ मध्ये नाना मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासद झाले. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचा पुतळा आहे.

आपण काय शिकायचं?

आज शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणे, मिळालेल्या पैशांचा वापर पाहणे ही तिची कामे. अनुदानित शाळांत तिचं काम फक्त सल्ला देण्याचं आहे.

मी अशा बैठकांना बसते. रजिस्टर फिरतं, सह्या होतात, चहा येतो. कामावरून धावत आलेली एखादी आई काहीतरी विचारायला तोंड उघडते आणि गप्प बसते. बाई, आमचं कोण ऐकणार, असं तिला वाटतं. खरं सांगायचं तर कधी कधी आम्हा शिक्षकांनाही ती गप्प बसली की बरं वाटतं, बैठक लवकर संपते. हे चुकतं आमचं.

नानांच्या हातातही शेवटचा निर्णय नव्हता. तरी त्यांनी मत मांडलं, लिहून ठेवलं, सोबती जोडले आणि पुढच्या बैठकीला पुन्हा हजर राहिले. सल्ला देणाऱ्याची ताकद यातच असते. म्हणून पालकांनो, पुढच्या बैठकीत सही करण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा. आणि शिक्षक मित्रांनो, तो प्रश्न रजिस्टरमध्ये लिहून घ्या.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम : आपल्या शाळेच्या समितीत कोण कोण आहे ते विचारून वहीत लिहा. शाळेत काय सुधारावं असं तुम्हाला वाटतं, त्याची पाच वाक्ये लिहून त्यांच्यापैकी एकाला वाचून दाखवा.