लोकनायक अणे : मतभेदाची वाट

चीनमध्ये कम्युनिस्ट पक्षाखेरीज आठ लहान पक्ष आहेत. मात्र त्या पक्षाचे नेतृत्व मान्य करणे ही त्यांच्या अस्तित्वाची अट आहे. प्रबळ पक्षाचा मित्र राहूनही त्याला विरोध करता येतो, हे वऱ्हाडात लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे यांनी दाखवून दिले.

२९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे जन्मलेल्या बापूजींनी अमरावतीत काही काळ अध्यापन केले व पुढे यवतमाळला वकिली केली. ते लोकमान्य टिळकांचे अनुयायी होते. कायदेमंडळात जाऊन अधिकारपदे स्वीकारावीत की नाही, यावरून स्वराज्य पक्षात मतभेद झाले. तेव्हा केळकर, जयकर व डॉ. मुंजे यांच्यासह त्यांनी प्रतियोगी सहकार पक्षाची वाट धरली. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यात या पक्षाची स्थापना झाली.

तथापि १९३० मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व करून त्यांनी कारावास पत्करला. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. जातीय निवाड्याबाबत काँग्रेस तटस्थ राहिल्याने १९३४ मध्ये त्यांनी पंडित मालवीयांसमवेत काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणावेळी त्यांनी त्या पदाचाही त्याग केला.

स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपालपद भूषवूनही, १९६२ मध्ये ते स्वतंत्र विदर्भाचे समर्थक या नात्याने नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे दोन्ही पक्ष अल्पजीवी ठरले; पण विरोध नोंदविण्यासाठी त्यांना कोणाच्या अनुमतीची गरज भासली नाही.