लोकमताचे मोजमाप आणि बाबासाहेब

निवडणुका जवळ आल्या की लोकमताच्या पाहण्या, अंदाज आणि आकडे यांना ऊत येतो. लोकांना काय वाटते, हे सारे सांगतात. परंतु 'लोक' म्हणून नेमके कोणाला विचारले, हे क्वचितच कोणी सांगतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनाकडे आम्ही इतिहासाचे अभ्यासक या प्रश्नाच्या अंगाने पाहतो, तेव्हा त्यांच्या अनेक लढ्यांना जोडणारा एक धागा हाती लागतो. ज्यांचे मत कधी मोजलेच गेले नाही, त्यांना मोजणीत आणण्यासाठी हा महामानव आयुष्यभर झटला.

१८९१ साली महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पक्षाचा उमेदवार पुढाऱ्यांनी बंद खोलीत न ठरवता मतदारांनीच प्राथमिक निवडणुकीत निवडावा, ही सुधारणा त्या सुमारास अमेरिकेच्या अनेक राज्यांत रुजत होती. पुढे प्राथमिक निवडणुकीची हीच कल्पना वेगळ्या रूपाने येरवड्याच्या तुरुंगात त्यांच्यासमोर यावयाची होती.

१९१९ च्या जानेवारीत त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. त्या वेळी ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. मताधिकार मालमत्तेवर आणि करावर अवलंबून ठेवला, तर अस्पृश्य समाजाचे मतदार मूठभरच उरतील, हे त्यांनी समितीच्या निदर्शनास आणले. सभागृहात केवळ मतांचे प्रतिनिधित्व होऊन भागत नाही, माणसांचेही व्हावे लागते, असा त्यांचा आग्रह होता. लोकमत मोजण्यापूर्वी ते घडावे आणि व्यक्त व्हावे लागते, हेही त्यांनी जाणले. म्हणून ३१ जानेवारी १९२० रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्याने 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास पुण्याच्या 'केसरी'ने नकार दिला होता. ज्याच्या हाती वृत्तपत्र, त्याचेच मत लोकमत म्हणून खपते, याचा हा रोकडा अनुभव होता. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' आणि १९३० मध्ये 'जनता' निघाले, ते याच गरजेतून.

२३ ऑक्टोबर १९२८ रोजी सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांची साक्ष झाली, ती आपल्या पुण्यातच. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मताधिकार ही त्यांची मागणी होती. पुढे १९३२ मध्ये लोथियन समितीत तर मोजणीचाच वाद उभा राहिला. प्रतिनिधित्व लोकसंख्येवर मिळणार असे दिसताच अस्पृश्यांची संख्या कागदावर आक्रसू लागली. संयुक्त प्रांतात जनगणनेने जी संख्या सव्वा कोटीच्या घरात दाखविली होती, ती प्रांतिक समितीने सहा लाखांवर आणली. माणसे होती तेथेच होती. नाहीशी झाली ती केवळ हिशेबातून. समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी या हातचलाखीविरुद्ध स्वतंत्र टिपण लिहिले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. निवडणूक मात्र दोन टप्प्यांची ठरली. पहिल्या टप्प्यात केवळ अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडावयाचे. दुसऱ्या टप्प्यात त्या चौघांतून एकास सर्व समाजांच्या मतदारांनी मिळून निवडावयाचे. यातील व्यंग उघड होते. अस्पृश्यांनी ज्याला चौथा क्रमांक दिला, तोही इतरांच्या मतांवर त्यांचा प्रतिनिधी होऊ शकत होता.

अमेरिकेत १९३६ साली घडलेली गोष्ट येथे आठवते. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक लोकांची मते गोळा करून रूझवेल्ट पराभूत होणार, असे भाकीत केले. पत्ते घेतले होते ते बहुतांशी दूरध्वनी आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून. गरिबांची नावे त्यांत कोठून असणार! रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी थोड्या, पण विविध थरांतील लोकांना विचारून निकाल अचूक सांगितला. आकड्याच्या मोठेपणापेक्षा, तो कोणाकडून घेतला हे महत्त्वाचे असते.

पुणे करारातील व्यंगाचा फटका १९४६ च्या निवडणुकीत बसला. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार अंतिम टप्प्यात पडले आणि अस्पृश्यांचे मत काँग्रेसच्या बाजूस आहे, असा निष्कर्ष काढला गेला. आपल्या समाजाचे खरे मत प्राथमिक टप्प्यातच दिसते, हे बाबासाहेबांचे म्हणणे कॅबिनेट मिशनने मानले नाही. त्या वर्षीच्या जुलैत पुण्यात कायदेमंडळाच्या अधिवेशनासमोर फेडरेशनने सत्याग्रह केला आणि आपल्या अनेक माणसांनी तुरुंगवास पत्करला.

पुढे संविधानाने प्रौढ मताधिकार दिला. १९१९ मध्ये मूठभर ठरणारा समाज मतदारयादीत पूर्ण संख्येने आला. १९५२ च्या निवडणुकीत खुद्द बाबासाहेब मुंबईत पराभूत झाले, तरी लोकशाहीवरील त्यांची निष्ठा ढळली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यातील वकिलांपुढे त्यांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी मांडल्या. समाजात टोकाची विषमता नसावी, सबळ विरोधी पक्ष असावा, बहुमताने अल्पमतावर जुलूम करू नये आणि अन्याय कोणावरही झाला तरी सर्वांची सदसद्विवेकबुद्धी जागी व्हावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे केवळ मते मोजून लोकशाही पुरी होत नाही, हेच त्यांनी शेवटी शिकविले.

आमच्या वसतिगृहात शिकलेली मुलेमुली आज मतदार आहेत. काही मतदान केंद्रांवर अधिकारी म्हणून बसतात, काही वृत्तपत्रांत लिहितात. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. आपल्या वस्तीतील प्रत्येकाचे नाव मतदारयादीत आहे की नाही, हे दरवर्षी पाहावे. कोणी लोकमताचा आकडा समोर ठेवला, तर कोणाला विचारले, हे आधी विचारावे. मुलांनाही तो प्रश्न विचारावयास शिकवावे. बाबासाहेबांनी तो १९१९ पासून अखेरपर्यंत विचारला, म्हणूनच आज आपली गणना होते.