जॉन स्कॉट हॉल्डेन : सावकाश वर यायला शिकवणारा शास्त्रज्ञ



सोड्याची बाटली उघडली की बुडबुडे का येतात, हे मुलं हमखास विचारतात. याच प्रश्नाने खोल समुद्रातल्या कितीतरी पाणबुड्यांचे जीव घेतले.

जॉन स्कॉट हॉल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी ऑक्सफर्डला श्वास आणि हवा यांचा अभ्यास केला. खाणीतल्या स्फोटानंतर बहुतेक कामगार कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्यांनी दाखवलं. विषारी वायू ते आधी स्वतःवर आजमावून बघत.

खोल पाण्यात दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. माणूस झटकन वर आला की त्याचे बुडबुडे होतात. सांधे भयंकर दुखतात, कुणी लुळा पडतो, कुणी दगावतो. कारण माहीत होतं, पण किती सावकाश वर यायचं याचा नेमका हिशोब नव्हता. ब्रिटिश नौदलाने हे काम हॉल्डेन यांच्याकडे दिलं.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पोलादी टाकीत शेळ्या ठेवून त्यांनी प्रयोग केले. त्रास झालेली शेळी दुखरा पाय उचलून धरायची. एकूण दाब एकदम निम्म्यावर आणला तरी सहसा इजा होत नाही, पुढे मात्र टप्प्याटप्प्याने थांबत यायचं, असं त्यांना आढळलं. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या समुद्रात पाणबुडे २१० फुटांवर जाऊन सुखरूप परतले. त्या वेळी त्यांच्या १३ वर्षांच्या मुलानेही बुडी मारली. हाच मुलगा, जे. बी. एस. हॉल्डेन, पुढे भारताचा नागरिक झाला. १९०८ मध्ये वर येण्याची कोष्टकं प्रसिद्ध झाली. मार्च १९३६ मध्ये हॉल्डेन वारले.

आज समुद्रतळाशी काम करणारे पाणबुडे जहाजावरच्या दाबाच्या खोलीत कित्येक दिवस राहतात. बाहेर यायलाही त्यांना काही दिवस लागतात. जहाजाला आग लागली तरी दार उघडून पळता येत नाही. म्हणून आता अनेक जहाजांवर तोच दाब टिकवणारी खास जीवरक्षक नौका असते. २७ जुलै २००५ ला मुंबई हायजवळ 'समुद्र सुरक्षा' जहाज पेटलं, तेव्हा असे सहा पाणबुडे खोलीत होते. सुमारे दीड दिवसाने त्यांची सुटका झाली.

हा पाठ घेताना सोड्याच्या दोन बाटल्या वर्गात न्या. एक पटकन उघडा, दुसरी हळूहळू. मग विचारा, घाई कुठे जिवावर बेतते? मुलं बरोबर सांगतात.