आधी गळा, मग ट्रम्पेट



'अलबेला' (१९५१) या चित्रपटाची गाणी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहेत. त्या संगीताला ट्रम्पेटची साथ देणारे चिक चॉकलेट म्हणजे बार्देशातील हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ सालचा. मुलाने मेकॅनिक व्हावे, मानाने चार पैसे मिळवावेत, अशी आईची इच्छा होती. मुलाचा जीव मात्र संगीतात होता.

त्या काळी गोव्यात गावोगावी चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना शिकवीत. वाद्य लगेच हाती मिळत नसे. आधी डो-रे-मी गळ्याने म्हणायचे, पाच रेघांवरची स्वरलिपी वाचायची. ट्रम्पेट शिकणाऱ्याला ही तयारी फार मोलाची. या वाद्याला कळा तीनच. त्याच कळांवर ओठांचा ताण आणि श्वास बदलून निरनिराळे स्वर काढावे लागतात. हवा तो स्वर आधी मनात ऐकू आला नाही, तर भलताच निघतो.

हे झाले तंत्र. भाव कुठून आला? चिक यांनी अमेरिकेचे लुई आर्मस्ट्राँग यांना आदर्श मानले. आर्मस्ट्राँग जसे गात, तसेच ट्रम्पेट वाजवीत. कुठे थांबावे, कुठला स्वर लांबवावा, हे चिक त्यांच्या वादनातून शिकले असावेत. १९४५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा स्वतःचा अकरा जणांचा बँड वाजत होता.

पुढे त्यांनी संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. रामचंद्र आपल्या पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे गाणे शिकलेले. एकाची सुरुवात सा-रे-गपासून, दुसऱ्याची डो-रे-मीपासून. दोन्हीकडे पहिला धडा गळ्याचाच. म्हणूनच त्यांचे सूर जुळले असावेत.

चिक चॉकलेट १९६७ साली, पन्नाशी ओलांडताच, वारले. आईला हवा होता तो मान मुलाने ट्रम्पेटवर मिळवला.

पालकहो, येरवड्यातील आपली मुलेही गिटार, कीबोर्ड, ट्रम्पेट मागतात. वाद्य जरूर घेऊन द्या. पण त्याआधी मुलांना गायनवृंदात उभे करा. श्वास कुठे घ्यायचा, शब्दाचा अर्थ सुरात कसा आणायचा, हे तिथे विनामूल्य शिकता येते.