होरेस वॉल्पोल : बिनकामाची पदे आणि लेखनाचा अवकाश

राजाश्रयाचा विचार करताना आश्रयदाता आणि आश्रित असे दोन पक्ष आपण सहसा गृहीत धरतो. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये आश्रयाचा आणखी एक प्रकार रूढ होता. पद सरकारी, प्राप्ती आजन्म आणि काम जवळजवळ नाही, अशा नेमणुकीस ‘सिनेक्यूर’ म्हणत. होरेस वॉल्पोलचे चरित्र या प्रथेच्या संदर्भात पाहणे उद्बोधक ठरते.

वॉल्पोलचा जन्म २४ सप्टेंबर १७१७ रोजी लंडन येथे झाला. त्याचे वडील रॉबर्ट वॉल्पोल हे १७२१ ते १७४२ या काळात इंग्लंडच्या राज्यकारभाराचे सूत्रधार होते. त्यांनी १७३८ मध्ये मुलाला राजकोषातील ‘अशर’ हे पद मिळवून दिले. राजकोषाच्या कचेऱ्यांना कागद, लेखण्या, शाई, लाख इत्यादी साहित्य पुरविणे हे या पदाचे काम. ते प्रत्यक्षात दुय्यम अधिकारी ग्रॉव्हनर बेडफर्ड पाहत असे, लाभ वॉल्पोलचा. याच सुमारास राजकोषातील आणखी दोन लहान पदे त्याच्याकडे आली. तो सज्ञान होईपर्यंत ती दुसऱ्याच्या नावे राखून ठेवली होती!

या प्राप्तीतून मिळालेली स्वस्थता त्याने वाया घालविली नाही. कवी टॉमस ग्रे याच्यासमवेत त्याने फ्रान्स व इटलीचा प्रवास केला. पुढे ट्विकनम येथे ‘स्ट्रॉबेरी हिल’ ही वास्तू गॉथिक शैलीत घडविली. तेथील खासगी छापखान्यातून १७५७ मध्ये प्रथम ग्रेच्याच कविता बाहेर पडल्या. डिसेंबर १७६४ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही गॉथिक कादंबरीची आद्य कृती मानली जाते. त्याचा पत्रव्यवहार येल विद्यापीठाच्या आवृत्तीत ४८ खंडांचा झाला आहे.

तथापि ही स्वस्थता निर्वेध नव्हती. अशरला आधी खर्च करून मग सरकारकडून रक्कम वसूल करावी लागे. मंत्र्यांची मर्जी फिरली की ती वसुली रखडे, आणि हा अनुभव वॉल्पोलला आला. १७८२ मध्ये बिनकामाच्या पदांविरुद्ध वातावरण तापले, तेव्हा आपल्या पदांसंबंधी समर्थनपर निवेदन त्याने लिहून ठेवले. आपण मंत्र्यांकडे कधी याचना केली नाही, हा त्याचा मुख्य मुद्दा. पदे वडिलांकडून आली असल्याने याचनेची वेळच आली नव्हती, ही गोष्ट मात्र त्यात झाकली जाते.

या संदर्भात टॉमस चॅटर्टनचे प्रकरण विचारात घ्यावे लागते. ब्रिस्टलच्या एका वकिलाकडे उमेदवारी करणाऱ्या या मुलाने १७६९ मध्ये स्वरचित काव्य मध्ययुगीन म्हणून वॉल्पोलकडे पाठविले. प्रारंभी वॉल्पोलने आस्थेने उत्तर दिले. पुढे मुलाची परिस्थिती समजली आणि काव्याच्या प्राचीनतेविषयी संशय बळावला. तेव्हा आधी व्यवसायात जम बसवावा आणि पैसा मिळाल्यावर साहित्याकडे वळावे, असा सल्ला त्याने दिला. पुढील वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षात असताना, चॅटर्टन लंडनमध्ये विषप्राशनाने मरण पावला. या मृत्यूचा दोष वॉल्पोलवर ठेवणे अन्यायाचे होईल. दोघांची भेटही झाली नव्हती. परंतु ज्याला स्वतःला लेखनापूर्वी उपजीविका कमवावी लागली नाही त्याने हा सल्ला द्यावा, यातील विसंगती दृष्टिआड करता येत नाही.

२ मार्च १७९७ रोजी वॉल्पोलचे निधन झाले. त्याची पदे निरुपयोगी होती, त्यांतून उभे राहिलेले वाङ्मय तसे नाही. म्हणून त्या वाङ्मयाच्या मूल्यमापनात लेखनासाठी लागणारा अवकाश कोणाच्या वाट्याला आला आणि कोणाला नाकारला गेला, हा प्रश्नही समाविष्ट करणे अगत्याचे आहे.